कोलीन ‘पुरेसे’ मिळते काय? : एका मापनाची मीमांसा

अमुक एका समाजातील माणसांना अमुक एक अन्नघटक पुरेसा मिळतो किंवा नाही, हा प्रश्न वरवर पाहता अगदी सरळ वाटतो. माणसे काय खातात ते पहावे, त्यात तो घटक किती आहे ते मोजावे, शरीरास तो किती लागतो हे जाणून घ्यावे आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडावेत; एवढ्याने उत्तर हाती यावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात या प्रश्नातील ‘मिळणे’ मोजणे जितके अवघड, तितकेच ‘पुरेसे’ या विशेषणाचा अर्थ निश्चित करणे अवघड आहे. पहिली अडचण उपकरणांची व पद्धतींची असल्यामुळे ती चटकन लक्षात येते. दुसरी भाषेची व तर्काची असल्यामुळे ती बहुधा नजरेआड राहते.

कोलीन या द्रव्याच्या बाबतीत या दोन्ही अडचणी एकत्र आलेल्या दिसतात. १९९८ साली अमेरिकेतील वैद्यकसंस्थेच्या अन्न व पोषण मंडळाने प्रौढ पुरुषासाठी दररोज ५५० मिलिग्रॅम व प्रौढ स्त्रीसाठी ४२५ मिलिग्रॅम असे कोलीनचे ‘पर्याप्त सेवन’ ठरवून दिले. त्यानंतर राष्ट्रीय आहारपाहण्यांतील आकडे या संख्यांशी ताडून पाहण्यात आले, तेव्हा ही मर्यादा गाठणारे प्रौढ दहात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही थोडे आहेत असे आढळले. यावरून ‘दहांपैकी नऊ अमेरिकनांना कोलीन पुरेसे मिळत नाही’ असे विधान सर्वत्र होऊ लागले. या विधानातील अंकगणित बरोबर आहे, परंतु त्यातून जो अर्थ घेतला जातो तो मात्र त्या अंकगणितातून निघत नाही. असे का होते, हे पाहण्यासाठी मापनाची एकेक पायरी तपासणे इष्ट ठरेल.

१. द्रव्य आणि त्याचे कार्य

कोलीन हे नाव पित्त या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ श्ट्रेकर यांनी हे द्रव्य पित्तातून वेगळे केले आणि १८६२ साली त्याचे नामकरण केले. त्याआधी फ्रान्समध्ये थेओदोर गोब्ले यांनी अंड्याच्या बलकातून एक फॉस्फरसयुक्त स्निग्ध पदार्थ वेगळा केला होता. ग्रीक भाषेतील बलकवाचक शब्दावरून १८५० साली त्यांनी त्यास लेसिथीन असे नाव दिले. पुढे लेसिथीनच्या रेणूत कोलीन हा एक घटक असतो हे स्पष्ट झाले आणि पित्त व बलक या दोन वेगळ्या वाटांनी आलेली शोधपरंपरा एकत्र मिळाली.

आहारशास्त्रात कोलीनचा प्रवेश १९३२ च्या सुमारास झाला. टोरोंटो येथे चार्ल्स बेस्ट व त्यांचे सहकारी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांवर प्रयोग करीत होते. इन्सुलिन देऊन ही जनावरे जगवता येत, परंतु त्यांच्या यकृतात चरबी साठत असे. आहारात लेसिथीन दिल्यास हा विकार टळतो आणि लेसिथीनमधील गुणकारी अंश कोलीन हाच आहे, असे या संशोधनातून निष्पन्न झाले. यामागील कारण आज चांगले ज्ञात आहे. यकृतात तयार झालेली चरबी रक्तात पाठवावयाची तर तिच्याभोवती फॉस्फॅटिडिलकोलीनचे वेष्टन असावे लागते. ते मिळाले नाही म्हणजे चरबी यकृतातच साचून राहते. याखेरीज पेशींची आवरणे घडविणे, मज्जातंतूंच्या संदेशवहनासाठी ॲसिटिलकोलीन बनविणे आणि बीटेन या रूपांतरित द्रव्याच्या द्वारे मिथिल गट पुरविणे ही कोलीनची प्रमुख कार्ये होत.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. कोलीन केवळ अन्नातूनच मिळते असे नाही. यकृतातील, पीईएमटी या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे एक एंझाइम फॉस्फॅटिडिलकोलीनची नव्याने घडण करू शकते आणि त्यातून शरीरास स्वतःचे कोलीन मिळते. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत मानवी शरीर सर्वस्वी अन्नावर अवलंबून असते. कोलीनच्या बाबतीत ते काही अंशी स्वावलंबी आहे. हे स्वावलंबन किती, हे व्यक्तीव्यक्तीगणिक बदलते आणि पुढील सर्व गुंतागुंतीचे मूळ येथेच आहे.

२. ताटातील कोलीनचे मापन

माणूस किती कोलीन खातो हे ठरविण्यासाठी दोन गोष्टी लागतात: त्याने काय व किती खाल्ले याची नोंद, आणि त्या प्रत्येक पदार्थात किती कोलीन आहे याचे कोष्टक.

यांपैकी कोष्टक दीर्घकाळ उपलब्धच नव्हते. अन्नात कोलीन एकाच रूपात नसते. मुक्त कोलीन, फॉस्फोकोलीन, ग्लिसरोफॉस्फोकोलीन, फॉस्फॅटिडिलकोलीन आणि स्फिंगोमायेलीन अशा पाच रूपांत ते आढळते व ही सर्व रूपे वेगवेगळी मोजून त्यांची बेरीज करावी लागते. द्रव वर्णलेखन आणि द्रव्यमान वर्णपटमापन यांचा संयोग करणारी, समस्थानिकांच्या साह्याने अचूकता साधणारी पद्धत प्रचारात आल्यावर हे काम सुकर झाले आणि २००४ साली अमेरिकेच्या कृषिखात्याने कोलीनचे पहिले विस्तृत कोष्टक प्रसिद्ध केले. त्याची दुसरी आवृत्ती २००८ साली निघाली. म्हणजे १९९८ साली जेव्हा ‘पर्याप्त सेवना’ची संख्या ठरविण्यात आली, तेव्हा लोक प्रत्यक्षात किती कोलीन खातात हे सांगू शकणारे विश्वसनीय कोष्टक हाताशी नव्हते. मोजपट्टी आधी आखली गेली आणि मोजावयाची वस्तू मागाहून दृष्टीस पडली, असा हा क्रम आहे.

कोष्टक वापरतानाही शब्दांचा घोटाळा संभवतो. लेसिथीनचे वजन म्हणजे कोलीनचे वजन नव्हे. फॉस्फॅटिडिलकोलीनच्या रेणूभारात कोलीनचा वाटा सुमारे १३ टक्केच असतो. त्यामुळे एक ग्रॅम शुद्ध फॉस्फॅटिडिलकोलीनमधून सुमारे १३० मिलिग्रॅम कोलीन मिळते. औषधी गोळ्यांतील कोलीन बायटार्ट्रेट या क्षाराच्या वजनात कोलीन सुमारे ४१ टक्के असते. पाचशे मिलिग्रॅमची गोळी ही पाचशे मिलिग्रॅम कोलीनची आहे की पाचशे मिलिग्रॅम क्षाराची, हे न पाहता केलेली बेरीज दुपटीहून अधिक चुकू शकते.

दुसरी गोष्ट आहाराच्या नोंदीची. मोठ्या पाहण्यांत बहुधा मागील चोवीस तासांत काय खाल्ले हे विचारले जाते. कोलीनचे वितरण पदार्थांत फार विषम असल्यामुळे ही पद्धत येथे विशेष फसवी ठरते. एका मोठ्या अंड्यात सुमारे १४७ मिलिग्रॅम कोलीन असते. एक पेला दुधात ते ४० मिलिग्रॅमच्या आसपास, तर शिजविलेल्या भातात त्याहूनही बरेच कमी असते. समजा, एखादा मनुष्य एरवी दररोज २५० मिलिग्रॅम कोलीन घेतो आणि आठवड्यातून दोन दिवस दोन दोन अंडी खातो. त्या दोन दिवशी त्याचे सेवन ५४४ मिलिग्रॅम होईल, उरलेले पाच दिवस २५० राहील आणि आठवड्याची सरासरी ३३४ येईल. एका दिवसाच्या नोंदीत तो एकतर अडीचशेचा किंवा साडेपाचशेचा मनुष्य म्हणून दिसेल. तीनशे चौतीसचा म्हणून कधीच दिसणार नाही. अशा हजारो नोंदी एकत्र केल्या तर समूहाची सरासरी बरोबर येते, परंतु वितरण प्रत्यक्षाहून अधिक पसरलेले दिसते आणि दोन्ही टोकांना असलेल्या माणसांची संख्या अकारण फुगते. म्हणून निदान काही व्यक्तींची सलग नसलेल्या दोन दिवसांची नोंद घेऊन, व्यक्तीच्या स्वतःच्या दैनंदिन चढउताराचा अंश संख्याशास्त्रीय रीतीने वजा करून, ‘नेहमीचे सेवन’ काढावे लागते. अमेरिकेतील पाहण्यांत ही दक्षता घेतली जाते. तेव्हा तेथील आकड्यांबाबत मुख्य आक्षेप ताटाच्या बाजूने येत नाही.

या पाहण्यांतून दिसणारे चित्र असे आहे. २०१३–१४ च्या राष्ट्रीय पाहणीत अन्नपेयांतून मिळणाऱ्या कोलीनची दैनिक सरासरी प्रौढ पुरुषांत ४०२ मिलिग्रॅम व प्रौढ स्त्रियांत २७८ मिलिग्रॅम भरली. अंडी खाणाऱ्यांचे सेवन ती न खाणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट असते, असेही तेथील विश्लेषणातून दिसून आले आहे.

३. रक्तातील आणि अवयवांतील साक्ष

ताटावर विसंबण्यापेक्षा शरीरालाच का विचारू नये, असा प्रश्न स्वाभाविकपणे उद्भवतो. अनेक पोषकद्रव्यांच्या बाबतीत रक्ततपासणी हा चांगला साक्षीदार ठरतो. कोलीनच्या बाबतीत तो तसा ठरत नाही. निरोगी प्रौढाच्या रक्तद्रवात दर लिटरला सुमारे ७ ते २० मायक्रोमोल कोलीन असते. आठवड्याहून अधिक काळ उपवास घडला तरी ही पातळी नेहमीच्या निम्म्याखाली जात नाही, कारण पेशींच्या आवरणांतील साठा मोडून शरीर ती टिकवून धरते. ओसरीवरचा तांब्या भरलेला दिसतो म्हणून माजघरातील रांजणही भरलेला असेल, असे अनुमान करण्यासारखाच हा प्रकार होईल. शिवाय नुकत्याच घेतलेल्या आहाराने ही पातळी तात्पुरती वरही चढते. म्हणून रक्तातील कोलीनवरून अल्प सेवनाचा अंदाज बांधणे धोक्याचे असते.

तिसरा साक्षीदार म्हणजे अवयवांची अवस्था. कोलीन कमी पडल्यास यकृतात चरबी साठते, यकृताच्या पेशींना इजा पोहोचून ॲलॅनीन ॲमिनोट्रान्सफरेज हे एंझाइम रक्तात वाढते आणि काहींच्या बाबतीत स्नायूंना इजा झाल्यामुळे क्रिएटिन कायनेज वाढते. प्रयोगशाळेच्या बंदिस्त वातावरणात, इतर सर्व गोष्टी स्थिर ठेवल्या असता, ही लक्षणे कोलीनच्या उणिवेची खात्रीची खूण ठरतात. शिरेवाटे पोषण घेणाऱ्या रुग्णांतही, ज्यांच्या पोषणद्रावात कोलीन नव्हते अशांच्या यकृतात चरबी आढळली आणि कोलीन दिल्यावर ती कमी झाली, असे १९९५ साली दाखविण्यात आले. परंतु बाहेरच्या जगात यकृतात चरबी साठण्याची कारणे अनेक आहेत. स्थूलता, मधुमेह व मद्यपान ही त्यांतील ठळक होत. त्यामुळे एखाद्या समाजात यकृताचा हा विकार किती आहे हे मोजून त्यावरून तेथील कोलीनची उणीव ठरविता येत नाही.

या ठिकाणी पुण्याजवळील एका अभ्यासाशी तुलना उद्बोधक ठरेल. १९९३ पासून पुण्याच्या परिसरातील सहा खेड्यांत मातृपोषणाचा जो प्रदीर्घ अभ्यास डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविला, त्यात गर्भवती स्त्रियांच्या ब-१२ जीवनसत्त्वाची स्थिती तपासण्यात आली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ चे प्रमाण दर लिटरला १५० पिकोमोलहून कमी होते. केवळ एवढ्यावर न थांबता मिथिलमॅलॉनिक अम्लही मोजण्यात आले. पेशींना ब-१२ कमी पडू लागले म्हणजे हे अम्ल साठते, आणि ते सुमारे ९० टक्के मातांत वाढलेले आढळले. रक्तातील पातळी आणि पेशींच्या कामातील बिघाड असे दोन स्वतंत्र साक्षीदार येथे एकाच बाजूने बोलतात. म्हणून ‘ब-१२ अपुरे’ या विधानास वजन येते. कोलीनसाठी एवढ्या मोठ्या समूहात वापरता येईल असा, उणीव तेवढीच दाखविणारा सर्वमान्य निर्देशक अद्याप प्रस्थापित झालेला नाही. परिणामी सर्व भार एकट्या ताटावर आणि त्याच्याशी ताडून पाहावयाच्या संख्येवर येऊन पडतो. ही संख्या कोठून आली, हे आता पाहू.

४. ‘पर्याप्त’ आणि ‘आवश्यक’

१९९८ च्या संख्येमागे मुख्य आधार १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचा आहे. स्टीव्हन झायझेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी पुरुष स्वयंसेवकांना प्रथम एक आठवडा दररोज ५०० मिलिग्रॅम कोलीन असलेला कृत्रिम आहार दिला. नंतर त्यांचे दोन गट पाडून एकास तोच आहार चालू ठेवला व दुसऱ्यास तीन आठवडे कोलीनविरहित आहार दिला. दुसऱ्या गटात रक्तातील कोलीन सुमारे ३० टक्क्यांनी घटले आणि यकृताच्या इजेचे निदर्शक एंझाइम वाढत गेले; पहिल्या गटात तसे झाले नाही. कोलीन मानवी आहारात असावयास हवे, हे या प्रयोगाने सिद्ध केले आणि त्याचे महत्त्व त्याबद्दलच आहे.

परंतु या प्रयोगात दोनच मात्रा तपासल्या गेल्या: पाचशे आणि जवळजवळ शून्य. मधल्या शंभर, दोनशे, तीनशे वा चारशे मिलिग्रॅमवर काय झाले असते, याचे उत्तर त्यात नाही. तर्कशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, पाचशे मिलिग्रॅम ही निरोगी यकृतासाठी ‘पर्याप्त’ अट असल्याचे दिसून आले. ती ‘आवश्यक’ अट आहे हे दिसून आले नाही. पाच पोळ्या खाल्ल्यावर एखाद्याचे पोट भरले, यावरून पाच पोळ्या पुरतात एवढेच ठरते. तीन पोळ्यांनी तो उपाशी राहिला असता, हे ठरत नाही.

मंडळाने ही पाचशेची मात्रा शरीराच्या वजनाशी जोडून दर किलोग्रॅमला सुमारे ७ मिलिग्रॅम असे प्रमाण काढले. ७६ किलोग्रॅम वजनाच्या प्रमाणभूत पुरुषास त्याने गुणिले असता ५३२ येतात व ते ५५० पर्यंत नेण्यात आले. ६१ किलोग्रॅमच्या स्त्रीसाठी ४२७ येतात व ते ४२५ धरण्यात आले. म्हणजे स्त्रियांसाठीची संख्या पुरुषांवरील प्रयोगातून वजनाच्या त्रैराशिकाने निघालेली आहे. मंडळास या मर्यादांची जाणीव होती, आणि म्हणूनच त्याने या संख्येस वेगळे नाव दिले. नेमका हा नावांतील भेद पुढे पुसला गेला.

आहारमानकांच्या परिभाषेत तीन संज्ञा स्पष्टपणे वेगळ्या आहेत. पहिली ‘अनुमानित सरासरी गरज’: समूहातील निम्म्या व्यक्तींची गरज जेवढ्या मात्रेने भागते ती मात्रा. दुसरी ‘शिफारस केलेले सेवन’: या सरासरी गरजेत दोन प्रमाण विचलने मिळविली असता येणारी, म्हणून सुमारे ९७ ते ९८ टक्के व्यक्तींची गरज भागविणारी मात्रा. तिसरी ‘पर्याप्त सेवन’: सरासरी गरज ठरविण्याइतका पुरावाच जेव्हा नसतो, तेव्हा प्रयोगावरून किंवा निरोगी लोकांच्या नेहमीच्या आहारावरून सुचविलेली तात्पुरती मात्रा. पहिल्या दोन संज्ञा गरजेच्या वितरणातून निघतात. तिसरीमागे असे वितरण नसते.

समूहातील किती टक्के लोकांचे सेवन अपुरे आहे हे काढावयाचे असेल, तर पहिली संज्ञा लागते. सरासरी गरजेहून ज्यांचे नेहमीचे सेवन कमी, त्यांचे प्रमाण हेच अपुरेपणाचे प्रमाण मानण्याची रीत आहे. ही रीत ऐकताना विचित्र वाटते, कारण त्या रेषेच्या वर असूनही काहींची गरज अधिक असल्यामुळे त्यांना अन्न अपुरे पडते, तर रेषेच्या खाली असूनही काहींचे अल्प गरजेमुळे भागते. परंतु गरजेचे वितरण मध्याच्या दोन्ही बाजूंस सारखे असेल, सेवन व गरज यांचा परस्परसंबंध नसेल आणि सेवनातील फरक गरजेतील फरकाहून मोठे असतील, तर या दोन गटांची संख्या साधारण सारखी होऊन ते एकमेकांना तोलतात. अशा रीतीने, कोणा एकाही व्यक्तीची गरज ठाऊक नसताना समूहातील अपुरेपणाचे प्रमाण सांगता येते.

कोलीनच्या बाबतीत सरासरी गरजच ठरलेली नाही. त्यामुळे ही रीत येथे लागूच पडत नाही. ‘पर्याप्त सेवना’चा उपयोग एकाच दिशेने करता येतो: समूहाचे सरासरी सेवन या संख्येएवढे किंवा तिच्याहून अधिक असेल, तर त्या समूहात अपुरेपणा फारसा नसावा असे म्हणता येते. सेवन या संख्येहून कमी असेल, तर अपुरेपणा आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही म्हणता येत नाही. ‘दहांतील नऊ जणांचे सेवन पर्याप्त सेवनाहून कमी आहे’ हे वाक्य खरे आहे. ‘दहांतील नऊ जणांचे सेवन अपर्याप्त आहे’ हे वाक्य मात्र त्यातून निघत नाही. एका शब्दास नकारार्थी उपसर्ग लावताना पारिभाषिक संज्ञेचे व्यवहारातील विशेषण झाले आणि अर्थ पालटला, एवढेच येथे घडले आहे.

५. एक संख्या, अनेक शरीरे

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने ही बाब आणखी स्पष्ट केली. त्यात ५७ प्रौढांचा समावेश होता: २६ पुरुष, १६ ऋतुनिवृत्तीपूर्व स्त्रिया व १५ ऋतुनिवृत्त स्त्रिया. त्यांना प्रथम दहा दिवस, ७० किलोग्रॅम वजनास ५५० मिलिग्रॅम या प्रमाणात कोलीन देण्यात आले आणि नंतर ४२ दिवसांपर्यंत त्याच वजनास ५० मिलिग्रॅमहून कमी. या अल्प आहारावर ७७ टक्के पुरुषांत, ८० टक्के ऋतुनिवृत्त स्त्रियांत आणि ४४ टक्के ऋतुनिवृत्तीपूर्व स्त्रियांत यकृताच्या किंवा स्नायूंच्या बिघाडाची लक्षणे दिसली. याउलट सहा पुरुषांत ही लक्षणे ५५० मिलिग्रॅम घेत असतानाच प्रकट झाली. म्हणजे तीच संख्या काहींच्या गरजेहून पुष्कळ अधिक आणि काहींना तोकडी ठरली.

या भेदाची दोन कारणे उकलली आहेत. पीईएमटी एंझाइमच्या निर्मितीस इस्ट्रोजेन हे संप्रेरक चालना देते. त्यामुळे तरुण स्त्रियांचे शरीर अधिक कोलीन स्वतः तयार करू शकते. परंतु या एंझाइमच्या जनुकात काही विशिष्ट भेद असलेल्या स्त्रियांना हा लाभ मिळत नाही व त्यांची गरज आहारावर अधिक अवलंबून राहते. याशिवाय फोलेट व ब-१२ यांची स्थितीही विचारात घ्यावी लागते. होमोसिस्टीनपासून पुन्हा मेथिओनीन बनविण्याचे काम एकतर फोलेट व ब-१२ यांच्या साह्याने होते, नाहीतर कोलीनपासून बनलेल्या बीटेनच्या साह्याने. पहिली वाट अरुंद झाली तर दुसरीवरचा भार वाढतो. पुण्याजवळील मातांमध्ये जशी ब-१२ ची उणीव आढळली तशी जेथे असेल, तेथे अमेरिकेतील सुपोषित स्वयंसेवकांवरून काढलेली कोलीनची संख्या जशीच्या तशी उचलणे धाडसाचे होईल.

संख्या ठरविण्याची दृष्टी बदलली म्हणजे संख्याही कशी बदलते, याचे उदाहरण युरोपात मिळते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली निरोगी लोकसमूहांच्या प्रत्यक्ष सेवनाची सरासरी आणि वर उल्लेखिलेल्या प्रयोगातील पुनर्भरणाचे निष्कर्ष विचारात घेऊन सर्व प्रौढांसाठी ४०० मिलिग्रॅम, गर्भवतींसाठी ४८० व स्तन्यदा मातांसाठी ५२० मिलिग्रॅम अशा संख्या ठरविल्या. आता अमेरिकन पुरुषांची ४०२ मिलिग्रॅम ही सरासरी पुन्हा पहावी. अमेरिकेच्या मोजपट्टीने ती दीडशे मिलिग्रॅमने उणी भरते. युरोपच्या मोजपट्टीने ती पुरेपूर आहे. माणसे तीच, त्यांचे ताट तेच व यकृतही तेच. बदलली ती केवळ तुलनेची रेषा. स्त्रियांची २७८ मिलिग्रॅम ही सरासरी मात्र दोन्ही रेषांच्या खाली राहते, ही गोष्टही तितकीच लक्षणीय आहे.

६. उपसंहार

या विवेचनावरून कोलीनची चिंता निराधार आहे असा निष्कर्ष काढणे ही उलट दिशेची तितकीच मोठी चूक होईल. अपुरेपणा सिद्ध झालेला नाही, याचा अर्थ पुरेसेपणा सिद्ध झाला आहे असा नव्हे. गर्भावस्थेत कोलीन मोठ्या प्रमाणावर मातेकडून गर्भाकडे जाते. अंडी व मांस न खाणाऱ्या, जनुकीय भेदामुळे स्वतः कोलीन कमी तयार करणाऱ्या आणि त्यातच ब-१२ ची उणीव असलेल्या गर्भवतीच्या बाबतीत काळजीस सबळ कारण आहे. सर्व समाज सरसकट ‘अपुरा’ ठरविण्यातील खरा धोका हाच की, नऊ जणांच्या गर्दीत ही एक स्त्री हरवून जाते. ज्यांना गरज नाही ते गोळ्या घेऊ लागतात आणि जिला गरज आहे ती वेगळी ओळखू येत नाही. अतिसेवनही सर्वस्वी निरुपद्रवी नाही: फार मोठ्या मात्रेने रक्तदाब उतरतो व अंगास माशांसारखा वास येतो, म्हणून प्रौढांसाठी दररोज ३५०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा घालून दिलेली आहे.

या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळावयाचे तर तीन गोष्टी हव्यात. शून्य व पाचशे यांच्या दरम्यानच्या अनेक मात्रांवर, स्त्रिया व पुरुष दोहोंत, प्रयोग करून गरजेचे वितरण ठरविले पाहिजे. ब-१२ साठी मिथिलमॅलॉनिक अम्ल जसे उपयोगी पडते, तसा कोलीनसाठी मोठ्या समूहांत वापरता येणारा निर्देशक हाती आला पाहिजे. आणि ज्या समाजाविषयी बोलावयाचे, त्याच्याच पदार्थांचे पृथक्करण करून त्याचे ताट मोजले पाहिजे. तोवर कोलीनच्या पाहण्यांचे निष्कर्ष मांडताना ‘अमुक संख्येहून सेवन कमी आढळले’ एवढेच म्हणावे आणि ती संख्या कोणाची व कशावरून काढलेली हे सोबत सांगावे. ‘अपुरे’ हा शब्द वापरावयाचा तर कशासाठी अपुरे, कोणाला अपुरे आणि कोणत्या साक्षीवरून अपुरे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच वाक्याच्या आसपास देता आली पाहिजेत.